व्यंगचित्रकार (मराठी नियतकालिकांतील)

व्यंगचित्रकार : रेषेच्या साहाय्याने हास्य निर्माण करणारा चित्रकार. मराठी मुलखात हा व्यवसाय दैनिकांच्या दप्तरांपेक्षा मासिके आणि दिवाळी अंक यांच्याच आश्रयाने वाढला. आणि हे अंक वर्षातून मोजक्या वेळी बिदागी देणारे असल्यामुळे पुष्कळ व्यंगचित्रकारांना चरितार्थाची तजवीज अन्यत्र करावी लागली, ही गोष्ट त्यांच्या कलेचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही.

शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक असून स्वतः व्यंगचित्रेही काढीत. ‘टाकांच्या फेकी’ या त्यांच्या चित्रांतून सामाजिक रूढींची रेवडी उडविली जाई. चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले. राजकीय व्यंगचित्राची वाट निराळी. ‘फ्री प्रेस जर्नल’मधील नोकरी सोडून बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे साप्ताहिक काढले, आणि तेथून पुढे त्यांचा कुंचला राजकारणाच्या स्वाधीन झाला.

निव्वळ विनोदाचा अधिकारी पुरुष म्हणून शि. द. फडणीस यांचेच नाव घ्यावे लागते. २९ जुलै १९२५ रोजी भोज (बेळगाव जिल्हा) येथे जन्मलेल्या व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या फडणिसांनी, या दोन्ही मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांच्या प्रोत्साहनाने, प्रथम ‘हंस’चे (१९५१) आणि मागाहून ‘मोहिनी’चे (१९५२) दिवाळी मुखपृष्ठ रंगविले. ‘मोहिनी’वरील त्या चित्रात तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे आणि शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची, खाली शब्द एकही नाही. वाचक क्षणभर थबकतो, नक्षीकडे पुन्हा पाहतो आणि मग हसतो. त्या थबकण्यातच चित्रकाराचे सारे कसब आहे. १९६५ मध्ये जहांगीर कलादालनात ‘हसरी गॅलरी’ हे त्यांचे प्रदर्शन भरले. पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रे आली आणि अंकगणिताची धास्ती घेतलेल्या मुलांवर या चित्रकाराने, आमच्या मते, मोठेच उपकार केले. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे पेशाने स्थापत्य अभियंता. सिमेंट कंपनीतील नोकरी सांभाळून त्यांनी ‘ललित’ मासिकातील ‘ठणठणपाळ’ या विनोदी सदराच्या नायकाला चेहरा दिला.

चित्रकथांच्या पुस्तकांवर चरितार्थ चालविण्याची सोय मराठी प्रकाशनांत फारशी नव्हती. ती इंग्रजी प्रकाशनांनी पुरविली. राम वाईरकर यांनी ‘अमर चित्र कथे’साठी ‘कृष्ण’ चितारला, आणि ‘टिंकल’मध्ये १९८३ पासून अवतरलेला भोळसट सुप्पांडी त्यांच्याच रेषेतून घरोघरी पोहोचला. मराठी दैनिकात रोज हसविणारी चित्रपट्टी रुजली ती ‘सकाळ’मधील ‘चिंटू’मुळे (२१ नोव्हेंबर १९९१, चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर).

पुण्या-मुंबईपासून दूर, चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात, म्हणजे झाडीपट्टीत, हास्याचा कारभार मात्र मुख्यतः रंगभूमीकडे आहे. वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी नाटकमंडळ्यांचे ठाणे. दिवाळी सरली की येथील मंडळ्या गावोगावी प्रयोग लावतात, आणि प्रेक्षक रात्रभर बसतो त्यात विनोदी नटाचा वाटा लहान नसतो. नटाला प्रेक्षक गावातच मिळतो. व्यंगचित्रकाराला मात्र छापखाना व संपादक यांच्यासाठी नागपूर, पुणे, मुंबईकडे पाहावे लागते. तरीही व्यंगचित्रकार मनोहर सप्रे यांनी चंद्रपुरात राहून काम केले. काही काळ महाविद्यालयात अध्यापन, त्याजबरोबर नियतकालिकांसाठी व्यंगचित्रे, आणि रानातल्या वाकड्यातिकड्या लाकडांतून घडविलेली काष्ठशिल्पे असा त्यांचा त्रिविध व्यासंग होता. ‘हसा की!’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. या मुलखातील व्यंगचित्रकलेची नोंद करावयाची झाल्यास प्रारंभ त्यांच्यापासूनच करावा लागतो.