भंडारा जिल्ह्यातील गाड्यांचे वंगण: ओंगणापासून फोर-स्ट्रोकपर्यंत

वैनगंगेच्या खोऱ्यात मोटारसायकल येण्यापूर्वी गाडी म्हणजे बैलगाडी किंवा रेंगी, आणि तिच्या आखाची झीज रोखण्यासाठी घातले जाणारे एरंडेलासारखे दाट तेल, म्हणजेच ओंगण, हेच बहुतेक घरांना ठाऊक असलेले वंगण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायतेतील मोटारींच्या तेलातही एरंडेल मिसळले जात असे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

१९६०च्या दशकापासून देशात राजदूत आणि म्हैसूरला बनणारी जावा (पुढे येझदी) या गाड्या रुळल्या. त्यांचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत ज्वलनाचे चक्र पूर्ण करणारे असल्यामुळे त्याच्यासाठी तेलाचा वेगळा साठा नसे, तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जाळले जाई. वीस-पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, असे साधारण माप असे; ते कमी पडले तर पिस्टन जाम होई, जास्त झाले तर प्लग काळा पडून गाडी धूर ओके. प्रत्येक वेळी टाकी भरताना मापाचे भान ठेवावे लागे, आणि ऑइलची निवड म्हणजे मुख्यतः हे मापच होते.

१९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या फोर-स्ट्रोक गाडीने हा हिशेब बदलला. येथे ऑइल इंजिनाच्या तळाशी साठते, जळत नाही, आणि तेच पिस्टन, गिअर व क्लच या तिघांनाही पुरते. क्लचच्या पट्ट्या तेलात बुडालेल्या असल्याने, घर्षण फार कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे ऑइल भरल्यास क्लच घसरण्याचा धोका असतो. म्हणूनच जपानी वाहन-मानक संस्थेने १९९८ साली मोटारसायकलींसाठी ‘जासो एमए’ आणि ‘एमबी’ अशा श्रेणी ठरवल्या, त्यांपैकी एमए ओल्या क्लचसाठी, तर एमबी क्लच तेलात नसलेल्या स्कूटरसारख्या गाड्यांसाठी आहे.

डब्यावरील ‘२० डब्ल्यू ४०’ मधला पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला असलेला दाटपणा दर्शवतो. भंडाऱ्याचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळा गोठणबिंदूच्या जवळपासही जात नाही, म्हणून पहिल्या आकड्याचे महत्त्व येथे थोडेच. पुढे कंपन्या ‘१० डब्ल्यू ३०’ सुचवू लागल्या, तेव्हा एवढ्या उन्हात पातळ ऑइल टिकेल का, ही शंका स्वाभाविक असली तरी ती अर्धवट होती, कारण इंजिनातील सुट्या भागांमधली फट आणि ऑइल पंप त्याच पातळपणाच्या हिशेबाने बांधलेले असतात, आणि इंजिनातील उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळच जास्त असते. एकाच घरात आता मोटारसायकल आणि स्कूटर दोन्ही असतात. स्कूटरमध्ये एमए भरल्यास फार तर थोडे मायलेज जाते, मोटारसायकलमध्ये एमबी भरल्यास मात्र क्लच घसरू शकतो.