ग्लायकेटेड हिमोग्लोबिन चाचणी (एचबीए१सी)

मधुमेहाचे निदान व त्यावरील नियंत्रण तपासणारी रक्तचाचणी. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जिवंत असेपर्यंत, म्हणजे सुमारे १२० दिवस, तसेच राहते. त्यामुळे या चाचणीतून मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर कळते. आदल्या दिवशी पथ्य पाळून आकडा सुधारत नाही. चाचणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. मधुमेही व्यक्तींत असे ग्लुकोज चिकटलेले (ग्लायकेटेड) हिमोग्लोबिन वाढलेले असते, हे इराणी शास्त्रज्ञ सॅम्युअल राहबर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ६.५ टक्के ही निदानाची मर्यादा मान्य केली. (उपाशीपोटीच्या साखरेसाठी ती डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम आहे.) लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करूनच निदान पक्के करतात.

तांबड्या पेशींचे आयुष्यच बदलले, तर मात्र ही चाचणी फसवते. सिकलसेल आजारात पेशी लवकर नष्ट होतात व आकडा कमी दिसतो. लोहाच्या कमतरतेने तो वाढू शकतो. विदर्भ, नंदुरबार अशा सिकलसेल आढळणाऱ्या भागांत हे ध्यानात ठेवावे लागते. अशा रुग्णांत उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी केलेली साखरेची तपासणीच भरवशाची.