भाव सांगता येत नाही, असे सांगणारा प्रबंध

१/ २९ मार्च १९००. पॅरिसच्या सॉर्बनमध्ये लुई बाशेलिये नावाच्या तरुणाने परीक्षकांपुढे प्रबंध मांडला. विषय : सट्ट्याचा सिद्धान्त. बाजारभावाचे भाकीत गणिताने करता येते का, या प्रश्नाचा इतिहास येथून सुरू करावा लागतो.

२/ बाशेलिये ल हाव्र बंदरातील एका मद्यव्यापाऱ्याचा मुलगा. १८८९ मध्ये आईवडील दोघेही वारले आणि घरचा व्यापार अंगावर पडला. पुढे पॅरिसला आल्यावर त्याने अभ्यासाला घेतले ते फ्रेंच सरकारच्या तीन टक्क्यांच्या कर्जरोख्यांचे सौदे.

३/ त्याचा युक्तिवाद साधा होता. प्रत्येक सौद्याला दोन बाजू असतात. भाव चढेल असे मानणारा घेतो, उतरेल असे मानणारा विकतो. ज्या भावाला सौदा जुळतो, त्यात दोघांचीही माहिती आधीच मुरलेली असते. मग उद्याच्या दिशेबद्दल गणिताने काय सांगावे? बाशेलियेचे उत्तर : काहीच नाही. सट्टेबाजाच्या नफ्याची गणिती अपेक्षा शून्य.

४/ दिशा कळत नसली, तरी भाव किती दूर भटकेल याचा अंदाज मात्र बांधता येतो, असे तो म्हणतो. ही भटकंती काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका दिवसात जेवढी चलबिचल, चार दिवसांत तिच्या चौपट नव्हे, दुप्पट. १८९४ ते १८९८ च्या प्रत्यक्ष भावांशी त्याने आपले आकडे ताडून पाहिले. पाच वर्षांनी आइन्स्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी मूलतः हेच गणित स्वतंत्रपणे मांडले.

५/ परीक्षकांत थोर गणिती प्वाँकारे होते. त्यांनी कौतुक केले, पण विषय रूढ वाटेपासून दूरचा असल्याचेही नोंदवले. सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. १९२६ मध्ये दिजाँचे प्राध्यापकपदही हुकले, कारण पॉल लेव्ही या गणितज्ञाने त्याच्या एका लेखात चूक आहे असा निर्वाळा दिला. चूक नव्हती. लेव्हींनी नंतर दिलगिरी व्यक्त केली; पद गेले ते गेलेच. (प्रबंधाच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याने हा भाग रात्री वाचू नये.)

६/ बाशेलिये १९४६ मध्ये वारला. पुढच्या दशकात अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांच्या हाती त्याचे काम आले आणि १९७३ मध्ये ब्लॅक व शोल्स यांचे सूत्र प्रसिद्ध झाले. हे सूत्रही उद्याचा भाव सांगत नाही. ठरलेल्या भावाने पुढे खरेदी करण्याच्या हक्काची, म्हणजे ऑप्शनची, आज किंमत किती असावी, एवढेच ते सांगते. आणि त्यासाठी बाजाराची चलबिचल ठाऊक आहे असे गृहीत धरते.

७/ घात झाला तो या गृहीतकाच्या जागी. १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल शोल्स आणि मर्टन यांना मिळाले. दोघेही लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाचे भागीदार होते. फंडाने भांडवलाच्या अनेक पट कर्ज उचलले होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, जगभर घबराट पसरली, आणि एरवी परस्परांशी संबंध नसलेले भाव एकदम एकाच बाजूला धावले. सप्टेंबरात न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हच्या मध्यस्थीने १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतून फंड सावरला. माझ्या मते बाशेलिये आपल्या वारसांपेक्षा अधिक सावध होता.

८/ इशारा मात्र जुनाच होता. १९६३ मध्येच मॅन्डेलब्रो यांनी कापसाचे जुने भाव तपासून दाखवले होते, की मोठ्या उड्या या गणिताच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक वेळा पडतात. ती कापसाची कहाणी पुढच्या धाग्यात.