कोकण किनाऱ्यावरील माल-तपासणी : महसुलाकडून सुरक्षेकडे

पश्चिम किनाऱ्यावर मालाची झडती घेण्याची प्रथा जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ हा परवाना नसलेली जहाजे जप्त करण्यास प्रारंभ केला. परवाना असला तरी शस्त्रास्त्रे व मिरीसारखा मक्तेदारीचा माल वर्ज्य असे. पुढे १८७८ चा सागरी सीमाशुल्क कायदा व त्याची जागा घेणारा १९६२ चा सीमाशुल्क कायदा यांनी तपासणीला वैधानिक चौकट दिली. तथापि तिचा मुख्य हेतू महसूल हाच राहिला.

या व्यवस्थेची खरी परीक्षा सोन्याने घेतली. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात देशांतर्गत व परदेशी भावांतील तफावतीमुळे आखातातून येणारे सोने-चांदी कोकणातील खाड्यांत उतरू लागले. कायदा १९९० मध्ये रद्द झाला; पण वाटा, वाहने आणि हप्त्यांचे संबंध शिल्लक राहिले.

त्याची किंमत १९९३ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरविण्यात आले आणि १२ मार्चच्या मुंबईतील स्फोटमालिकेत २५७ जण मृत्युमुखी पडले. हा माल मोठ्या बंदरातून आलाच नव्हता. त्यामुळे यंत्रसामग्रीच्या अभावाला दोष देता येत नाही. टाडा न्यायालयाने सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही अधिकाऱ्यांनाही दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ रोजी आला. ज्या वाटेने वर्षानुवर्षे चांदी सोडली गेली, तीच वाट स्फोटकांनी वापरली. चोरटा माल म्हणजे केवळ बुडालेला कर, ही प्रशासकीय धारणा या घटनेच्या मुळाशी होती, असे म्हणण्यास आधार आहे.

त्यानंतर किनाऱ्यावर संयुक्त सागरी गस्त सुरू झाली. बंदरांत कंटेनरचे क्ष-किरण चित्रण आले, तर २००५ पासून जोखीम-व्यवस्थापन पद्धतीने संशयास्पद मालच निवडून तपासण्याचे धोरण स्वीकारले गेले. प्रत्येक कंटेनर उघडणे व्यवहार्य नाही, हे त्यामागील कारण. कोपरगाव-येवला परिसरातील कांदा न्हावा-शेवा येथे दोन दिवस अडकला, तरी नुकसान शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. मात्र निवडीची ही पद्धत शेवटी मिळणाऱ्या माहितीवरच अवलंबून असते. २०२१ मध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात शंखजिऱ्याच्या नावाखाली आलेले सुमारे ३,००० किलो हेरॉईन पकडले गेले, ते महसूल गुप्तवार्ता संचालनालयाला आधी खबर मिळाल्यामुळे.