प्रदिश, स्फटिकप्रकाशकीतील

स्फटिकात दिशेनुसार प्रकाशाचे वागणे कसे बदलते, ते मांडण्याची गणिती रीत. प्रकाशलहरीचे विद्युत क्षेत्र स्फटिकातील इलेक्ट्रॉनांना हलवते. पण अणूंची मांडणी सर्व बाजूंनी सारखी नसेल, तर ते नेमके क्षेत्राच्याच दिशेने सरकतील असे नाही. त्यामुळे एकच प्रणमनांक देऊन भागत नाही. नऊ घटकांचा विद्युत-अपारक प्रदिश, म्हणजेच टेन्सर, लागतो. सामान्यतः तो सममित असल्याने सहाच घटक स्वतंत्र उरतात. एकनत स्फटिकात चार, घनीय स्फटिकात एकच.

रंगीत स्फटिक प्रकाश शोषतोही. मग हे घटक संमिश्र संख्या होतात आणि शोषणाची माहिती त्यांच्या कल्पित भागात येते.

याचा बोलका नमुना नागपूर जिल्ह्यातच आहे. रामटेक तालुक्यातील काचुरवाहीच्या मँगनीजयुक्त खडकांतील एका पायरोक्सिनाला भूवैज्ञानिक ली फर्मोर यांनी १९०६ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या नावावरून ‘ब्लॅनफर्डाइट’ म्हटले. (आज ते स्वतंत्र खनिज मानत नाहीत, मँगनीजयुक्त एजिरीन-ऑजाइट म्हणतात.) त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या मंचावर ठेवून खालून ध्रुवित प्रकाश सोडला, की मंच फिरेल तसा गुलाबी रंग आकाशी निळा होतो. बहुवर्णिकता शिकवताना विदर्भातल्या वर्गांनी आधी हाच छेद पाहावा. स्फटिक एकनत असल्याने प्रदिशाच्या वास्तव आणि कल्पित भागांचा एकच मुख्य अक्ष सममितीमुळे समान असतो. उरलेले दोन जुळलेच पाहिजेत असे नाही. शोषणाचे अक्ष म्हणूनच स्वतंत्रपणे मोजावे लागतात.

शोषक द्विअक्षीय स्फटिकांचा प्रश्न शिवरामकृष्णन पंचरत्नम (१९३४–१९६९) यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत हाती घेतला. सी. व्ही. रामन यांचे ते भाचे. शोषक द्विअक्षीय स्फटिकात प्रत्येक प्रकाशीय अक्षाऐवजी दोन विलक्षण अक्ष मिळतात. त्यांपैकी एकावरून एकाच हाताचा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश न बदलता जातो. उलट हाताचा आत शिरला, तर वाटेत हळूहळू पहिल्यासारखा होत जातो. वोल्डेमार फोग्ट यांनी १९०२ मध्ये हे अक्ष गणिताने दाखवले होते. पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये आयोलाइट या खनिजावर प्रयोग केले. पुढच्याच वर्षी त्यांनी ध्रुवित किरणांच्या व्यतिकरणातून जी भूमितीय कला (फेज) मांडली, तिचे मोल १९८४ मधील मायकेल बेरी यांच्या लेखानंतरच जगभर ओळखले गेले.