बाळू पालवणकर आणि जिमखान्याचे कारभारी

औंढा नागनाथाच्या देवळाची आख्यायिका आमच्या हिंगोली जिल्ह्यात लहान मूलही सांगते. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूस जायला सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देवळाने आपले तोंड फिरवले. या कथेत नामदेव आहेत, देव आहे, फिरलेले देऊळ आहे. नामदेवांना मागे धाडणाऱ्या पुजाऱ्यांपैकी मात्र एकाचेही नाव लोकांनी जपलेले नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव उरते आणि अन्याय करणारे 'पुजारी' या अनेकवचनात विरून जातात.

मराठी माणसाच्या क्रिकेटच्या इतिहासातही असेच एक अनेकवचन आहे. ते म्हणजे मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे कारभारी. शंभर वर्षांपूर्वीच्या या मंडळींचा न्याय आज कोणत्या मापाने करावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबातले. जन्म धारवाडचा, वडील लष्करी नोकरीत, बालपण पुण्यात. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होते. सरावाच्या जाळीत साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजीची संधी मात्र तेथे त्यांना मिळाली नाही. बॅट हे साहेबाचे हत्यार आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशीच ती विभागणी होती. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांच्या हातून आलेला चेंडू सर्वांनी झेलला. चहाच्या वेळी मात्र सहकारी आत चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

मुंबईस आल्यावर परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना आपल्या संघात घेतले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघेही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने या बंधूंच्या समावेशाबद्दल जिमखान्याचे कौतुक केले, आणि ते रास्तच होते. ज्या काळी शाळेत आणि पाणवठ्यावर अस्पृश्यांना मज्जाव होता, त्या काळी त्यांना संघात घेणे ही लहान गोष्ट नव्हती. कारभाऱ्यांचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू आम्ही प्रथम लिहितो.

परंतु हिशेब येथे संपत नाही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांची एकूण प्रथम श्रेणी कारकीर्द ३३ सामन्यांची; बळी १७९, सरासरी १५.२१. अनुभवाने आणि कर्तृत्वाने त्यांच्या तोडीचा खेळाडू हिंदू संघात नव्हता. तरीही कर्णधारपदाचा प्रश्न येई तेव्हा दरवर्षी दुसरेच नाव पुढे येई. गोलंदाजाकडून बळी घेणे वेगळे आणि त्याचा हुकूम मानणे वेगळे, हे न बोललेले कारण सर्वांना कळत होते.

या संदर्भात नेहमी एक बचाव पुढे येतो : गतकाळाला आजच्या मापाने मोजू नये. आम्हीही वर्गात हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. तत्त्व म्हणून ते खोटे नाही. मात्र त्यात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे त्या काळाकडे एकच माप होते. येथे ते गृहीत टिकत नाही.

१९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराच्या प्रसंगी सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळावयास हवा होता. हे माप आजचे नाही. ज्याला लाभ झाला त्या सवर्ण खेळाडूचे, त्याच वर्षीचे आणि त्याच संघातले आहे. ते पैंना दिसले. निवड करणाऱ्यांना दिसले नाही असे कसे म्हणावे?

मग १९२० साल उजाडले. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत प्रथम बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. कर्णधार नेमलेले पै आरंभीच्या सामन्यात खेळू शकले नाहीत, तेव्हा नेतृत्व वयाने बाळूंहून कितीतरी लहान असलेल्या दि. ब. देवधरांकडे गेले. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे बंधू पक्षपाताचा आरोप करून संघाबाहेर राहिले. बाळू तेव्हा चाळिशी ओलांडून गेले होते. वय झाले म्हणून वगळले, असे कोणी म्हणू शकेल, आणि तो बचाव आम्ही ऐकूनही घेऊ. परंतु पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे बंधू परतले आणि बाळू थेट उपकर्णधार झाले. ज्याचे वय झाले होते तो काही दिवसांत तरुण झाला काय? त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंच्या हाती आले. जे समितीने दहा वर्षे दिले नाही, ते एका सहकाऱ्याच्या सौजन्याने घटकाभर मिळाले.

याच १९२० सालच्या जानेवारीत याच मुंबईत 'मूकनायक' निघाला होता. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते. म्हणजे काळाकडे दुसरे माप होते आणि ते जिमखान्यापासून फार दूरही नव्हते. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. देऊळ फिरले खरे. बाळूंसाठी मात्र फार उशिरा.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनी लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपावरून मायदेशी परत धाडले. त्यावर गदारोळ झाला, मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, अमरनाथ निर्दोष ठरले आणि कर्णधाराच्या कारभारावर ठपका आला. एका दौऱ्यातल्या अन्यायाची काही महिन्यांत चौकशी होऊ शकली. दहा वर्षे चाललेल्या अन्यायावर अशी समिती कधी बसली नाही. तेथे दोषी माणसाला नाव होते. येथे दरवर्षी नवी बैठक होती, आणि बैठकीला चेहरा नसतो.

बाळूंची बाजू मांडायला पुढे कोणी फारसे उरले नाही, याचे एक कारण आम्हास असे वाटते, की ते कोणत्याच छावणीला पुरते आपले वाटले नाहीत. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ साली ते वारले. विठ्ठल यांनी १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिले, मराठीचे एम.ए. होईपर्यंत आम्ही त्याचे नावही ऐकले नव्हते. ही हकीकत आमच्यापर्यंत पोहोचली ती रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे. ही उणीव जिमखान्याची नव्हे, आमची आहे.

तर निवाडा काय? हे कारभारी दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. काहींनी संघाचे दार उघडलेही. त्यांचा अपराध असा, की त्यांना योग्य काय ते ठाऊक होते. त्यांनी बाळूंच्या हातून विजय घेतले आणि मान द्यायची वेळ आली तेव्हा समितीच्या आड उभे राहिले. आम्हीही अधूनमधून निवड समित्यांवर बसतो. 'सर्वानुमते' या शब्दाखाली सही करणे किती सोपे असते, हे आम्हास माहीत आहे. म्हणूनच त्या शब्दामागे कोण बसले होते हे विचारण्याची आम्हास गरज वाटते, आणि तो प्रश्न विचारताना थोडी लाजही वाटते.