जागल्या आणि किल्ली

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी दोन वीकेंड कन्हानला घरी होतो आणि तिथे एक उद्योग करून ठेवला. सोबत थोडा इतिहासही सांगतो, कारण तो आधी नीट वाचला असता तर नंतरची निस्तरानिस्तर वाचली असती.

तर झालं असं.. आईची बारा जणींची भिशी आहे. दरमहा हजार रुपये. "या महिन्यात कोणाचा नंबर?" हे तिला दिवसातून चारदा कोणीतरी विचारतं. म्हटलं, हे तर चॅटबॉटचं काम! मुलांच्या क्लासेसमुळे सगळ्यांच्या फोनमध्ये टेलिग्राम होतंच. भिशीचा ग्रुप केला आणि लॅपटॉप उघडला.

आता जरा मागे जाऊ. चॅटबॉटचा इतिहास लोक एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉमच्या १९६६ सालच्या 'एलायझा'पासून सांगतात. पण एलायझा एका माणसाशी बोलायची. ग्रुपमध्ये ठाण मांडून बसणाऱ्या बॉटचं घराणं वेगळं. १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेनने आयआरसी हे चॅट सुरू केलं. तिथल्या चॅनेलमधून सगळे निघून गेले की चॅनेल संपायचं, आणि नंतर जो पहिला शिरेल त्याच्या हातात सगळा कारभार. म्हणून रॉबी पॉइंटरने १९९३ मध्ये 'एगड्रॉप' हा बॉट लिहिला. गप्पा मारणं हे त्याचं काम नव्हतंच. चोवीस तास बसून चॅनेल राखायचं, बस्स. आपल्याकडे शेतात रात्री जागलीला बसतात ना, तसं.

पुढे १९९९ मध्ये जॅबर आलं. त्याची भाषा सगळ्यांना खुली होती आणि २००५ सालचं गूगल टॉक तिच्यावरच उभं होतं. पण बॉट लिहिणाऱ्याला कनेक्शन टिकवण्यापासून सगळं बघावं लागायचं. जून २०१५ मध्ये टेलिग्रामने बॉटसाठी दार उघडलं, तेव्हा हे एकदम सोपं झालं. 'बॉटफादर'ला मेसेज करा, तो एक टोकन देतो. मग साध्या वेब रिक्वेस्टवर काम चालतं. त्याच वर्षी 'पायथन-टेलिग्राम-बॉट' ही लायब्ररीही आली. मीही तीच घेतली.

आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, मग पिप इन्स्टॉल. इथे पहिली ठेच! नुसतं 'टेलिग्राम' लिहिलं तर भलतंच पॅकेज येतं. पूर्ण नाव लिहायला हवं. दुसरी ठेच जुन्या ट्युटोरियल्सची. जानेवारी २०२३ च्या विसाव्या आवृत्तीपासून लायब्ररी पूर्णपणे 'असिंक' झाली, त्यामुळे त्याआधीचा कोड जसाच्या तसा चालत नाही. मेसेज मिळवायचे मार्ग दोन. एक वेबहूक, म्हणजे टेलिग्राम तुमच्या सर्व्हरवर येऊन निरोप देणार. दुसरा पोलिंग, म्हणजे आपणच जाऊन विचारायचं, "काही आलंय का?" घरच्या वायफायवर पोलिंगच बरं. न उचललेले मेसेज टेलिग्राम चोवीस तास सांभाळून ठेवतं, त्यामुळे लाइट गेली तरी चिंता नाही. आणि कन्हानला ती जातेच :)

संध्याकाळपर्यंत बॉट बोलायला लागला. मी खूश. कोड गिटवर टाकला, रेपॉझिटरी पब्लिक. टोकन कोडमध्येच राहिलं होतं. तासाभराने लक्षात आलं, ती ओळ काढून पुन्हा कमिट केलं आणि निर्धास्त झालो. पण गिट इतिहास विसरत नाही, जुन्या कमिटमध्ये टोकन तसंच होतं.

पुढच्या शनिवारी लॉगमध्ये 'कॉन्फ्लिक्ट' अशी एरर दिसली. एकाच टोकनने दोन ठिकाणांहून पोलिंग चाललं की ती येते. मला वाटलं, माझीच जुनी कॉपी कुठेतरी चालू राहिली असेल. लॅपटॉप बंद करून झोपलो. सकाळी आईने फोन पुढे केला. "हे काय पाठवून राहिला रे तुझा बॉट?" घरबसल्या कमाईची लिंक होती. आणि एका काकूंनी ती उघडून फॉर्म भरायला घेतला होता. का, तर बॉट आपल्याच पोराचा आहे म्हणून. आधार नंबर टाकायच्या आधी आईचा फोन पोचला, एवढंच नशीब.

बॉटफादरला 'रिव्होक' सांगितलं, तसं जुनं टोकन मेलं. नवीन टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलं. मग बाराही जणींच्या घरी जाऊन सांगून आलो की चूक माझी होती. एका आजींनी चहा पाजला आणि विचारलं, "म्हणजे तुझी किल्ली दुसऱ्यानं उचलली?" त्यांना एका वाक्यात कळलं ते मला आठवडाभर कळलं नव्हतं. टेलिग्रामच्या लेखी टोकन ज्याच्या हाती, तोच बॉट.

भिशीत कागद नसतो, करार नसतो. सगळं विश्वासावर चालतं. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या हॅप्टिक कंपनीने सरकारसाठी 'मायगव्ह कोरोना हेल्पडेस्क' हा बॉट बनवला, तेव्हाही लोकांनी प्रश्न विचारले ते सरकारचं नाव बघून. बॉटला स्वतःची पत नसते, तो कोणाची तरी उसनी घेतो. माझ्या बॉटने आईची घेतली होती. म्हणून लायब्ररी बसवताना पहिली ओळ लिहायच्या आधी टोकन कुठे ठेवणार ते ठरवा.

बॉट अजून चालू आहे, नंबर बरोबर सांगतो. पैशांचा हिशोबही त्यात टाकू का, असं आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "वही माह्याजवळच राहू दे."

असो. पुन्हा भेटू पुढच्या वीकेंडला.